निशाणी

हॅना कोट या बाईंचं पत्र आलं
नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.
सोबत अकरा झेरॉक्स आणि एक प्रश्न:
बँकूट नावाचं गाव तुमच्याकडे आहे का?

आहे. माझ्या खिडकीतून दिसतं.
सावित्री जिथे खारी होते तिथे जांभ्याचा किल्ला,
खाली जेटी, बागमांडल्याची फेरी,
उलट्या घातलेल्या होड्यांखाली झोपलेली कुत्री.
आम्ही बाणकोट म्हणतो.

तिच्या कागदांतून तो माणूस असा चालत गेलाय:
बंदराच्या वहीत जॉन बँकूट, खलाशी, वर्ण काळा.
चर्चच्या वहीत बेनकोट, वय अंदाजे तीस.
लेकाच्या लग्नात बॅनकट.
नातू बैलगाडीनं ओहायोला पोचला तोवर
पुढची अक्षरं कुठल्याशा चिखलात रुतली,
उरलं नुसतं कोट.
त्या सालच्या शिरगणतीत वर्ण: गोरा.
"आमच्या घरात समजूत होती," ती लिहिते,
"मूळ पुरुष शिंपी असावा."

मी हसले.
मग आठवलं, मी केळसकर,
आणि केळशीत आमचा एक माड नाही.
गाव सुटलं की त्याचं आडनाव होतं.

मोडी शिकले मी निवृत्तीनंतर.
त्याआधी एकतीस वर्षं बँकेत
दुसऱ्यांच्या सह्या पडताळत होते.

मंडणगडला, जिन्याखालच्या खोलीत,
सत्ताविसाव्या रुमालाची गाठ सुटता सुटेना.
आत कसर, तंबाखूचा वास,
आणि शाई टिपायला टाकलेली वाळू,
अजून चमकणारी.
सन इसन्ने तिसैन. घरपट्टी.
इस्माल वलद दावूद तांडेल,
इंग्रजी जहाजावर गेला. घर एक. पट्टी पाव रुपया.

हाच तो कशावरून?
त्या साली तिघे गेले.
एक मोख्यात मेला,
एक परत आला आणि विहिरीवरून भांडला,
भांडणाचे कागद वेगळे आहेत, चांगले जाड आहेत.
उरला इस्माल.

पुढच्या सालीही त्याच्या नावे पट्टी पोचली.
त्याच्या पुढच्याही.
नऊ सालं. गेलेल्या माणसाच्या घराची.
मार्फत आई.
नाव नाही. कारकुनाला विचारावंसं वाटलं नसेल,
किंवा तिनं सांगितलं नसेल.
खाली: निशाणी बांगडीची.

बोरूनं काढलेलं एक वर्तुळ.
पहिल्या साली रुपयाएवढं, ठसठशीत.
चौथ्या साली हललेलं.
नवव्या साली डाव्या अंगाला उघडंच राहिलेलं,
शाई संपली की हात, कोण जाणे.
दहाव्या साली: परागंदा. घर पडले. पट्टी माफ.

तिचा अकरावा झेरॉक्स मी मुद्दाम शेवटी घेतला.
जहाजाच्या पगाराचा करार.
जॉनला लिहिता येत नव्हतं, त्यानं काहीतरी काढलं होतं.
गळ, असं कुणी हॅनाला सांगितलेलं,
कुणी म्हणे मोडका क्रूस.
मला कुणी सांगायची गरज नव्हती.
नांगर.
कुणब्याचा नव्हे, दर्यातला,
दोन फाळ आणि वर एक कडी.
कडी डाव्या अंगाला उघडी.

बँकेत असते
तर एवढ्यावर मी कुणाला दहा रुपये दिले नसते.

उत्तरात लिहिलं:
गाव सापडलं. कोट म्हणजे किल्ला, शिवणाचा संबंध नाही.
आईचं नाव मिळालं नाही.
मग ट्रेसिंग पेपर लावून
नऊच्या नऊ वर्तुळं उतरवून घेतली,
उघडं आहे ते उघडंच ठेवून.
कडीबद्दल काही लिहिलं नाही. बघेल तीच.

पोस्टात गर्दी, राख्यांची पाकिटं.
मास्तरांनी लिफाफा तोलून बघितला.
"आत काय?"
"बांगड्या. नऊ."
"फुटण्यासारख्या आहेत?"

बांगडी फुटली म्हणत नाहीत आपल्याकडे.
वाढली म्हणतात.

"नाही," मी म्हटलं, "कागदच आहे. साधं टाका."