मिनी ड्राफ्टर

रेवणने ड्राफ्टर दिला तेव्हा
मला नुसता आनंद झाला.
माझ्या ड्राफ्टरचा स्क्रू पहिल्या सेमपासून ढिला.
घणसोलीच्या नाल्यापलीकडून चालत आला होता,
आडव्या बांबूंखालून वाकून,
मास्क हनुवटीवर.
म्हणाला, राहू दे तुझ्याकडे.
मग कॅल्क्युलेटर. मग तो निळा स्वेटर,
आत्याने औशाहून पाठवलेला.
मे महिन्यात, कोपरखैरण्यात, स्वेटर.

मी म्हटलं, येडा झालास का.
तो हसला.
तो हसला, हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं,
जणू ती हजेरी होती.

हजेरी तेव्हा फोनवर व्हायची.
काळ्या चौकटी, त्यात नावांची पहिली अक्षरं.
सदतीस, बाई म्हणायच्या, सदतीस?
नेटवर्क नसेल. अडतीस.
दोन आठवडे असंच.
सदतीसच्या घरच्यांनी कॉलेजला कळवलं नव्हतं,
आणि आमच्यातल्या ज्यांना कळलं होतं
त्यांना बाईंना थांबवायचं कसं ते कळत नव्हतं.
मग एका सोमवारी बाई
छत्तीसवरून थेट अडतीसवर गेल्या
आणि पुढचे नंबर
ठसका लागल्यासारखे घेतले.

आमच्या घरी पाच माणसं, एक खोली.
बाबा तुर्भ्याला कांदाबटाट्यात माथाडी.
मार्केट बंद झालं तेव्हा पहिल्यांदाच
त्यांची पाठ आम्हाला दिवसाउजेडी दिसली.
पेपर पुढे गेले, रद्द झाले, पुन्हा लागले;
व्हायवा मी संडासात बसून दिली.
रेवणकडे उलटं. सहा कॉटची खोली,
पाच गाद्या गुंडाळलेल्या, आणि तो.
मला हेवा वाटायचा.
खरंच सांगतो, हेवा वाटायचा.

स्वेटर आईने पाहिला.
उलटा केला, सुलटा केला.
मळला नाही, म्हणाली, फाटला नाही.
गावाला कायमचं निघालेलं माणूस असं वाटून टाकतं.
हा कुठल्या गावाला निघालाय?
गाड्या तर बंद आहेत.

तिने पिठलं-भाकरी बांधली. मी निघालो.
सेक्टरच्या तोंडाशी पोलीस: कुठे?
मित्राकडे.
एवढं काय अर्जंट?
मला सांगता येईना. डबा उघडून दाखवला.
वाफ आली. त्याने काठी खाली केली.

ग्रिलच्या आत तो, बाहेर मी,
मधे सहा फूट, नियमाप्रमाणे.
वाटेत सगळं ठरवलं होतं: आधी पेपरचं काढू,
मग घरचं, मग हळूच.
तोंडातून एकदम निघालं,
रेवण, मरायचं येतं का मनात?

खाली पाण्याचा पंप चालू होता, तो बंद झाला.
रोज, म्हणाला.
दुपारी जास्त.

दुपारी!
आणि मी इतके दिवस रात्री दोनला
त्याचा हिरवा ठिपका पाहून
निर्धास्त झोपत होतो.

पुढचं गोष्टीसारखं नाही.
वाशीच्या डॉक्टरीणबाई, व्हिडिओवर, दर बुधवारी;
पहिला नंबर माझ्या नावाने लावला,
स्वतःचं नाव फॉर्मवर टाकायला तो तयार नव्हता.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. दोनदा सोडल्या.
बाबांच्या ओळखीने डाळीच्या ट्रकमधून
त्याचे वडील आले,
तीन दिवस त्याच्याशी पावसापाण्याचं बोलले,
चौथ्या दिवशी न विचारता
त्याच्या डोक्याला तेल घालायला बसले.
वर्ष गेलं ते गेलंच.
रोज अडीचला मी फोन करायचो.
काय रे?
काही नाही. दुपार झाली.

ड्राफ्टर अजून माझ्याकडे आहे.
काल त्याचा मेसेज, स्क्रू गंजला नाही ना?
लिहिलं, ये आणि बघ.
बराच वेळ नुसतंच टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं.
मग आलं,
शुक्रवारी येतो.
स्वेटर राहू दे, उकडतंय.