डबी

तोलुकाच्या दवाखान्यात ओब्दुलिया
पिशवीतून डबी काढते, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
झाकणावर: नेरेओ, वय नऊ, वजन अठ्ठावन्न.
"सकाळचंच आहे," ती पुटपुटते,
शिळं विकल्याचा आळ यावा तशी.

आजवर सगळे तिलाच विचारत आले,
काय खाऊ घालतेस गं याला?
बाई, शेजारीण, सासू.
वजनकाटासुद्धा, गर्रकन फिरून.

पांढऱ्या कोटातली मुलगी सांगते,
आतड्यात जिवाणू, अब्जावधी,
आणि त्यांच्याही आत शिरणारे विषाणू.
काहींना मारतात,
काहींकडे नुसतेच मुक्कामाला राहतात.
जाड मुलांत ही वस्ती जरा वेगळी दिसते.

"म्हणजे त्यांच्यामुळे?"
"की जाडीमुळे ते तसे... अजून नाही कळलं."

ओब्दुलिया मान हलवते.
घरातली भांडणंही अशीच,
आधी कोण बोललं, कुणालाच आठवत नाही.

बाहेर बाकावर नेरेओ पाय हलवत.
"त्यांना दुखेल का?"
"कुणाला?"
"माझ्यातल्यांना. डबीत."

कोपऱ्यावर कणसं भाजतायत.
"भूक लागलीये?" ती विचारते,
कितीतरी दिवसांनी,
आजूबाजूला न बघता.