मोजणी

सेलूच्या पलीकडं, रेल्वे गेटापाशी आमचं घर.
रात्रीचे दोन. सात महिन्यांचं लेकरू, नाक चोंदलेलं,
अंगावर लागतं, सोडतं, रडतं,
पुन्हा लागतं.

सत्वशीला गावची आशाताई. दारोदार सांगत फिरते:
मधाचं बोट नको, नाकात तेल नको,
ओव्याची धुरी तर अजिबातच नको, मावशी;
सलाइनचे दोन थेंब, अंगावरचं दूध घडोघडी,
आणि बरगडीखाली बघा, खड्डा पडतो का.
सांगताना आवाज कसा, तलाठ्यासारखा.

आता झबलं वर सारून
उघड्या पोटाकडं बघत मोजतेय.
माझ्या हातात मोबाईल, साठ सेकंद.
एकतीसपाशी मालगाडी आली,
पत्रे थरथरले, आकडा गेला.

"परत लावा."

परत लावलं.
ह्या वेळी मीही मोजले, मनातल्या मनात.
माझे चव्वेचाळीस, तिचे बेचाळीस.
पन्नासाच्या आत, म्हणाली. सर्दीच आहे. झोपा तुम्ही.

तिची वही उशाला असते,
सगळ्या गावाची लेकरं त्यात, तारीखवार.
पहाटे चहा ठेवताना उघडून पाहिली.
आमच्या लेकराचं नाव कुठंच नव्हतं,
नुसते आकडे, कोपऱ्यात, बारीक:
४२. ४०. ४३. ४१.