आगोट

मार्च सरत आला की हिशेबाला बसते.
साडेअकरा टीबी, एका हंगामाचे.
गोठिवली, तळवली, घणसोली, रबाळे:
बत्तीस हळदी, एकोणतीस लग्नं.
तिघांनी लग्नाला दुसरा धरला, स्वस्तातला.

जयवंत म्हणतो, ठेव ना सगळं हाताशी.
त्याच्या हातून एकदा डिस्क पडली, टेबलाएवढ्या उंचीवरून,
केणींचं अख्खं वऱ्हाड घेऊन.
तेव्हापासून त्याचा भरवसा ढगावर
आणि ढगाचं बिल माझ्यावर.
ते डॉलरमध्ये येतं, महिन्याच्या महिन्याला, न चुकता.
हळदीचे राहिलेले पैसे येतात गणपतीत.

ढगात तीन खोल्या.
पहिली गरम: भाडं चढं, पण दार सताड उघडं.
दुसरी थंड: भाडं निम्मं, आणि दर वेळी दार उघडायचे पैसे.
तिसरी गोठलेली: भाडं जवळजवळ नाहीच,
पण आत गेलेलं बाहेर यायला बारा तास,
आणि एकशेऐंशी दिवसांच्या आत काढलं, पुसलं,
तरी भाडं पूर्ण एकशेऐंशीचं.
ही ओळ बारीक अक्षरात होती.
मी दोनदा वाचली.
आमच्या खाचरांचं काय झालं, तेही एका बारीक ओळीतच होतं.

खिडकीतून रबाळ्याची ती इमारत दिसते,
बिनखिडक्यांची, रात्रभर घरघरणारी.
माझ्या फायली तिथे असतील, नसतीलही.
विचारलं तर एवढंच सांगतात: प्रदेश, मुंबई.
नवी की जुनी, तेही नाही.

स्टुडिओखाली अनुबायचं सुक्या मासळीचं दुकान.
नवऱ्या मुली नाकाला रुमाल लावून जिना चढतात,
उतरताना जवळा घेऊन जातात.
तिला एकदा समजावलं माझं काम.
"म्हंजे आगोट भरतंस की गो," म्हणाली.
"ताजा आज खायचा, खारा चार दिसांनी,
सुका डब्यात. पण त्याला भिजाला येल लागतं.
भूक लागल्यावर डबा उघरून काय उपेग?"

यंदा तिच्याच हिशेबाने लावलं सगळं.
संकलित फिल्म गरम खोलीत,
आत्या-माम्यांची लिंक फिरवून होईपर्यंत. मग थंड.
मूळ चित्रण गोठवायचं, जुन्या हंगामांचंसुद्धा.
फोटो सुटे टाकायचे नाहीत, नगानगाला हमाली पडते,
बोंबलांसारखी एकच जुडी बांधायची.
तिसऱ्या कॅमेऱ्याने रात्रभर डीजेचे खोके घेतले होते.
पुसले.
बिल तिसऱ्या हिश्श्यावर आलं.
जयवंत म्हणाला, काय विकलंस?

नऊ ऑगस्टला दीक्षिता मढवी आली.
दोन हंगामांपूर्वीचं लग्न. हेल्मेट काढलंच नाही.
"ताई, माझं सगळं पुसून टाक. मूळसुद्धा."
मी फाइल शोधली. गोठलेली. चौसष्ट दिवस बाकी.
सांगितलं, पुसते, पण नसलेल्याचं भाडं भरावं लागेल.
"किती?"
सत्त्याऐंशी रुपये.
ती हसली, आणि मग हेल्मेट काढलं.
"कोर्टानेही सहा महिनेच सांगितलेत, विचार करायला.
तिथे कोणी गोठवतं का गं, की नुसतंच थांबायचं?"
मला त्या खात्याचे दर माहीत नव्हते.

पंखा फिरत राहिला. तिने विचारलं,
समजा पाहायचं असेल तर?
बारा तास आधी सांगायचं.
"मग आज नको पुसू. तारीख सांग."
बारा ऑक्टोबर.
तिने फोनमध्ये नोंद केली, घंटेसकट.
मीही केली.

खाली उतरून तिने पाव किलो जवळा घेतला.
गुगल पे चालेना, सुटे नव्हते.
अनुबायने वर हाक मारली,
आणि ऐंशी रुपये मीच दिले.