सहावं पातं

मारेतने प्रत्येक पात्यावरचा छाप
काळ्या चिकटपट्टीने झाकला,
वर खडूने आकडे घातले, एक ते सहा.
नाव दिसलं की हात आधीच मत देऊन मोकळा होतो.
एवढं कळायला मला तीस हिवाळे लागले.

इनारीचं तळं गोठलेलं. उणे सव्वीस.
उबदार खोलीत, टेबलावर, सगळीच पाती शहाणी असतात.
म्हणून पारख बाहेर,
एकाच वाळल्या बर्चच्या ओंडक्यावर,
आधी हातमोजा घालून,
मग काढून.

पहिल्याची मूठ देखणी,
रेनडिअरच्या शिंगावर कोरीव काम, टोकाला पितळ.
हातमोजा काढला आणि पितळ कातडीला चिकटलं,
तर्जनीची साल ठेवून घेतली त्याने.
सुरी सोन्याची असली तरी... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
पण वहीत 'देखणा' हा शब्द ठेवला.
बोट दुखतंय म्हणून तो खोटा होत नाही.

दुसरा हातभर लांब, फांद्या तोडायचा.
त्याने मासा साफ केला असता तर लगदा झाला असता,
आणि तो दोष माझ्या डोक्याचा, पात्याचा नव्हे.
भाकरी चिरत नाही म्हणून
कुऱ्हाडीला कोण नापास करतं?

तिसरा स्वस्त. लाल प्लास्टिकची मूठ,
पेट्रोलच्या एका डब्याएवढी किंमत.
पाइनमध्ये शंभर काप, मग कागद.
आणखी शंभर, मग कागद.
कागद मुकाट चिरत राहिला
आणि माझ्या आत कोणीतरी चिडत गेलं.
स्वस्त वस्तू चांगली निघाली की माणूस का चिडतो?
हेही लिहिलं, समासात.

चौथ्यासोबत चिठ्ठी होती: चाकू ठेवून घ्या.
आणि कॉफीची पुडी.
कॉफी आम्ही प्यालो. चांगली होती.
वाचणाऱ्याला हे सांगितलंच पाहिजे,
चाकू परत पाठवला हेसुद्धा,
आणि परत पाठवताना जीव थोडा खालीवर झाला, तेही.

पाचव्याचं म्यान कमरेला नीट बसलं,
तशी मी खूण करणार होतो, तर मारेत म्हणाली,
"तुझ्या वहीत सगळी माणसं उजवीच असतात का?"
ती डावखुरी. चाळीस वर्षं माझ्या शेजारी राहते.
तिने ते म्यान बांधून दाखवलं:
वाकली की मूठ बरगडीत.
मग पहिल्यापासून सगळे पुन्हा,
तिच्या हाताने.

सहाव्याने बर्च असा सोलला
की साल लांब, अखंड, भिजल्या फितीसारखी उतरली.
दोनशे काप. कागद.
तीनशे. कागद.
मी आकड्याभोवती वर्तुळ काढलं, दोनदा.

"पट्टी काढ," मारेत म्हणाली.

खाली निल्लासचा छाप.
टपालाने पाचच आले होते.
हे माझ्याच खणातलं, गेल्या वर्षीचं,
ज्याच्याबद्दल मी लिहिलं होतं:
'धार दुसऱ्या दिवशी मरते. पोलाद कच्चं.'
पोलाद तेच. मारेतने फक्त दगडावर धरलं,
पात्याच्या उताराला मान देऊन, सावकाश.
गेल्या वर्षी मी नव्या दगडावर, घाईत,
भलत्याच कोनात त्याची धार खाल्ली होती
आणि दोष त्याच्या भट्टीच्या माथी मारला होता.

निल्लास आता इवालोला असतो,
बर्फगाड्यांच्या दांड्या जोडतो.
भट्टी माझ्यामुळेच बंद पडली असं कोणी म्हणत नाही.
नाही असंही कोणी म्हणत नाही.

वही उघडली आहे.
'कच्चं' हा शब्द मी ज्या जाडीने लिहिला होता
त्याच जाडीने लिहायचं आहे: कोन माझा चुकला.
दौतीतली शाई थिजलेली,
ती काखेत धरून बसलोय.

मारेत चुलीशी सुकं मांस कापते आहे,
डाव्या हाताने,
सहाव्या पात्याने.
काप इतके पातळ
की त्यांतून जाळ दिसतो.