बोट बंद

मी बेटाच्या बोटीवर तिकिटं फाडतो.
मला सुट्टी देतो तो वाराच.
धक्क्यावर लाल पाटी लागते,
कप्तान टोपी काढून टेबलावर ठेवतो,
लॉरीतली मेंढरं आल्या वाटेनं परत जातात.
अशाच एका दिवशी मोराग मॅकआस्किल म्हणाली,
रिकामा बसलायस ना? ये, गोल्फ शिकवते.

वय एकोणऐंशी. एका डोळ्यात मोतीबिंदू.
पिशवीत चारच काठ्या, त्यातल्या एकीच्या मुठीला
सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
मैदान म्हणजे समुद्रानं मागे टाकलेली वाळू,
तिच्यावर मेंढ्यांनी कातरलेलं गवत,
आणि सशांची बिळं.
बिळात चेंडू गेला तर दंड नाही,
मेंढीनं हलवला तर मेंढीचं ऐकायचं.
नियम एवढेच.

पहिला चेंडू मी उंच मारला.
छान गेला. मग थांबला,
काही विसरल्यासारखा वरच घुटमळला,
आणि माझ्याच डोक्यावरून मागे, धक्क्याकडे निघाला.
आभाळात तुझं काय काम, मोराग म्हणाली.
गुडघ्याखालून मार.
चेंडू वाऱ्यावर सोडायचा नाही,
जमिनीच्या हवाली करायचा.
उतार कुठे आहेत ते तिला ठाऊक असतं.

ऑक्टोबर ते मार्च, अकरा वादळं.
म्हणजे अकरा धडे.
वाऱ्यात तिचं वाक्य अर्धंच पोचायचं:
"डोकं..." म्हणायची,
आणि क्रियापद उडून जायचं.
वर करू की खाली ठेवू,
हे मी चेंडूलाच विचारत गेलो.

सहाव्या होलपाशी ती माझे खांदे धरून फिरवायची.
निशाणाकडे नाही. तिकडे.
तिकडे दफनभूमीची भिंत.
तिकडे मारू?
तिकडेच. बाकीचं तो बघेल.
आणि खरंच, भिंतीवर जाऊन आदळणार
एवढ्यात चेंडू वळायचा,
हाक ऐकल्यासारखा,
घरंगळत निशाणाच्या काठीपाशी यायचा.
हवं त्याच्याकडे पाठ फिरवायला
मला मार्च उजाडला.

मे महिन्यात बोटीचं इंजिन बिघडलं.
वारा नाही. समुद्र ताटासारखा सपाट,
चिलटं कानात, नाकात, चहात,
निशाण ओल्या फडक्यासारखं लोंबतंय.
सहाव्या होलपाशी खांदे आपोआप वळले.
मारला.
पहिल्यांदाच चेंडू आज्ञाधारक,
दाखवलं तिथं गेला, सरळ, भिंतीपलीकडे,
आणि दगडावर टण्ण.

मोराग गवतात बसली. हसून हसून खोकली,
खोकून पुन्हा हसली.
मग आम्ही फाटक उघडून आत गेलो.
हेरिंगच्या होड्यांबरोबर गेलेल्यांचे दगड,
खाली कुणीच नाही, वर नुसती नावं, शेवाळानं अर्धी खाल्लेली.
चेंडू टॉर्मडच्या पायथ्याशी.
हा माझा दीर, ती म्हणाली,
मला यानं शिकवलं.
याला जन्मात सरळ मारता आला नाही.
मी चेंडू उचलायला वाकलो.
हात नको लावूस. पडला तिथून खेळायचं.
इथून?
त्याला चालेल.

खाली मारला. फाटकातून गेला
की गजाला लागून गेला, आठवत नाही.
नऊ फटके झाले त्या होलला.
तिने कार्डावर सात लिहिले.

आता इंजिन दुरुस्त आहे.
संध्याकाळी प्रवासी खिडकीशी येतात,
उद्या बोट सुटेल ना? मुलीचं लग्न आहे, दाताचा डॉक्टर आहे.
मी दाराबाहेर कान काढून बघतो,
उजवा गार पडतो.
सांगता येत नाही, असं म्हणताना
चेहरा पडका ठेवतो.
खिडकीखाली, त्यांना न दिसणारे दोन्ही हात
एकावर एक, मूठ धरून असतात.