येण्याचे कारण

भाट्याच्या पुलापलीकडच्या लॉजवर
तोडणकरांनी रजिस्टर आमच्यासमोर सरकवलं.
कोठून आलात: साळवी स्टॉप.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"म्हणजे रत्नागिरीतलेच? काय, पाणी येत नाय काय तिकडे?"
येतं, म्हटलं. एक दिवसाआड.

पुढचा रकाना: येण्याचे कारण.
पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं,
जेमतेम कागदापर्यंत पोचणारं.

काय लिहू?
की न घेतलेल्या रजा वर्ष संपताना मरतात
आणि आमच्या दोघांच्या मिळून चार उरल्या होत्या.
की निनादनं हिमाचलचा हिशेब दोनदा मांडला
आणि दोन्हीदा फ्लॅटचा हप्ता मध्ये येऊन बसला,
अंग चोरून, आपली अडचण होतेय
हे कळणाऱ्या पाहुण्यासारखा.
की गेल्या वर्षी केरळला गेलो
आणि नारळच पाहिले, खाडी पाहिली, होड्या पाहिल्या.
भाड्याच्या होडीत आडवी होऊन मी म्हणाले,
अगदी आपल्या राजिवड्यासारखं आहे रे.
मग गप्प झाले. राजिवड्याला मी
आठवीत असताना शेवटची गेले होते.

एवढं त्या रकान्यात मावत नव्हतं.
लिहिलं: खाजगी.
"सगळे त्याच लिवतात," तोडणकर म्हणाले.

खोली नंबर चार.
अभ्र्याला दुसऱ्या कुणीतरी घातलेली नीळ.
इथे सिलिंडर संपला तर तो माझा नाही.
फोन मी बॅगेत, बॅग कपाटात,
आणि कपाटाचं दार लागत नव्हतं,
म्हणून त्याला खुर्ची टेकवली.

मंगळवार, दुपारी साडेतीन. ओहोटी.
बायका गुडघाभर पाण्यात वाकून मुळे काढत होत्या,
टोपल्या आपापल्या तरंगत त्यांच्यामागे.
मंगळवारी साडेतीनला खाडी कशी दिसते
मला ठाऊकच नव्हतं.
त्या वेळेला मी काउंटर नंबर तीन असते.

रात्री गॅलरीत निनादनं बोट दाखवलं:
तो टॉवरचा लाल दिवा, त्याच्या डावीकडे, जरा खाली,
पिवळा. आपल्या बाल्कनीतला राहिला वाटतं चालू.
एवढ्या लांबून? कुणाचाही असेल.
आपलाच आहे.
कुणीतरी घरी आहे असं वाटतंय, मी म्हटलं.
वीजबिल तुझ्या नावावर आहे, तो म्हणाला,
आणि खुर्ची पुढे ओढली.
कपाटाचं दार आतून हळूच उघडलं.
आम्ही दोघं तिकडेच बघत बसलो,
घराकडे.